मधला वाचक

१९१५ साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, बुलोन बंदरातल्या एका कचेरीत एव्हलिन हॉवेल नावाचा इंग्रज अधिकारी दुसऱ्यांची पत्रं वाचण्याची नोकरी करत होता. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर कारभार केलेला, तिकडच्या भाषा येणारा हा माणूस. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या टपालाची तपासणी त्याच्याकडे होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हे शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते, आणि वाचणारी माणसं मूठभर. त्यामुळे सगळी पत्रं वाचणं शक्यच नव्हतं. हॉवेल त्यांतली काही उघडायचा, लक्षात घेण्याजोगा मजकूर इंग्रजीत उतरवून घ्यायचा आणि ठरावीक काळाने अहवाल वर पाठवायचा. कोणाच्या मनात बंड शिजतंय का, पलटणींचा धीर खचतोय का, एवढंच सरकारला हवं होतं. कोण कोणाच्या आठवणीने झुरतंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. पण झुरणाऱ्यांची पत्रंही त्याच पोत्यांतून यायची.

प्रेमाच्या पत्राला एक लिहिणारा आणि एक वाचणारी पुरते, असं आपण धरून चालतो. लढाईवरून आलेल्या पत्राला मात्र तिसरं माणूस चिकटलेलंच असतं. कधी तो पलटणीतला साहेब, कधी बुलोनचा हॉवेल, कधी पत्र लिहून देणारा सोबती, कधी गावच्या शाळेचा मास्तर, तर कधी चक्क एक यंत्र. या मधल्या वाचकाने सैनिकांच्या प्रेमाचं काय केलं, ते या प्रकरणात पाहू. त्यासाठी एक इंग्रज लेफ्टनंट, असंख्य हिंदी शिपाई आणि लंडनचा एक टपाल कारकून यांच्या पत्रांचा माग काढायचा आहे.

पाच एकरांचं टपालघर

आधी ही पत्रं जायची कशी, ते बघू. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश टपालखात्याने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये केवळ सैन्याच्या टपालासाठी एक लाकडी इमारत उभी केली. तिचा पसारा होता पाच एकर. आत अडीच हजार माणसं पत्रं निवडायची, आणि त्यांत बहुतेक बायका होत्या, कारण पुरुष लढाईवर गेलेले. काम ऐन भरात असताना आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं इथून रवाना होत. कोणती पलटण आज कुठे आहे हे पाकिटावर लिहायला बंदी होती. पत्त्यावर फक्त नाव, नंबर आणि पलटण. ती पलटण सध्या कुठल्या गावाजवळच्या खंदकात आहे, हे टपालखात्याला लष्कराकडून कळायचं आणि त्याप्रमाणे पोती भरली जायची. इंग्लंडमध्ये टाकलेलं पत्र दोन-तीन दिवसांत फ्रान्सच्या खंदकात पोचे.

एवढा खटाटोप सरकारने केला तो काही कोणाच्या प्रेमाचं कौतुक म्हणून नव्हे. चिखलात आठ-आठ दिवस बसलेल्या माणसाला बंदुकीच्या गोळीइतकीच घरच्या पत्राची गरज असते, हे सेनापतींना उमगलं होतं. पत्र आलं नाही की माणूस खचतो. म्हणून पत्र गेलं पाहिजे. पण त्यातून शत्रूला कळता कामा नये असं काही जाता उपयोगी नाही. या दोन गरजांच्या कात्रीतून सेन्सॉर जन्माला आला.

साध्या शिपायाने पत्र लिहायचं, पाकीट उघडंच ठेवायचं आणि आपल्याच पलटणीतल्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. तो वाचणार, गावाचं नाव, तोफांची संख्या, मेलेल्यांचा आकडा असं काही दिसलं की त्यावर पेन्सिल फिरवणार आणि खाली सही करणार. आता विचार करा, हा अधिकारी बहुतेक वेळा विशीतला पोरगा. ज्याचं पत्र तो वाचतोय तो शिपाई उद्या सकाळी त्याच्याच हुकमावर धावणार. आणि त्याने आपल्या बायकोला रात्री काय लिहिलं, हे या पोराला ठाऊक. लिहिणाऱ्याच्या हातावर या गोष्टीचं ओझं पडणारच. शिपायांच्या असंख्य पत्रांत हवापाणी, जेवण, मिळालेले मोजे आणि ‘मी मजेत आहे’ यांखेरीज काही सापडत नाही याचं एक कारण हे आहे. प्रेम आटलं नव्हतं, तिऱ्हाइतासमोर बोलवत नव्हतं.

ज्यांना तेवढंही लिहायला सवड नसे त्यांच्यासाठी छापील कार्ड होतं. त्यावर तयार वाक्यं: मी बरा आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुझं पत्र मिळालं, बरेच दिवसांत तुझं पत्र नाही, सविस्तर पत्र मागाहून. नको असलेली वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख घालायची. वर एकही शब्द स्वतःचा लिहिला तर कार्ड फाडून टाकण्यात येईल, अशी तंबी त्यावरच छापलेली. म्हणजे सरकारने सैनिकाच्या तोंडी वाक्यं घालून ठेवली आणि त्याच्या हाती फक्त खोडण्याचा अधिकार दिला. तरी ते कार्ड दारात पडलं की घरातलं माणूस आधी काय बघे, तर अक्षर. सही त्याचीच आहे ना? तारीख कधीची? खोडलेल्या रेघा थरथरलेल्या तर नाहीत? न लिहिलेलं वाचायची सवय याच कार्डांनी लावली.

१९१५ साली लष्कराने एक सवलत दिली, हिरव्या पाकिटाची. या पाकिटात घालून दिलेलं पत्र पलटणीतला अधिकारी उघडत नसे. पाकिटावर छापलेलं असे की आतला मजकूर निव्वळ खाजगी आणि घरगुती आहे असं मी शपथेवर सांगतो, आणि त्याखाली शिपायाची सही. ते उघडलंच तर लांबच्या तळावर, अनोळखी माणूस उघडणार. एवढ्यानेच केवढा फरक पडला! ओळखीच्या माणसाने वाचण्यापेक्षा अनोळखी माणसाने वाचलेलं परवडतं. ही पाकिटं मोजून मिळत, त्यामुळे शिपाई ती जपून ठेवत आणि मनातलं लिहायचं असेल त्या दिवशीच काढत.

खंदकाच्या छपरावरची फुलं

अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पत्रांवर त्यांच्या शब्दाचंच कुलूप असे. त्यांनी नियम पाळला आहे असं मानून त्यांची पत्रं बहुतेक तशीच जात. म्हणून त्या युद्धातली भरभरून लिहिलेली प्रेमपत्रं अधिकाऱ्यांची आहेत, यात नवल नाही.

रोलंड लेटन हा असाच एक लेफ्टनंट, वयाने विशीच्या उंबरठ्यावर. व्हेरा ब्रिटन ही त्याच्या शाळासोबत्याची बहीण, ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात शिकणारी. १९१५ च्या मार्चअखेर तो फ्रान्सला गेला. मग जवळजवळ नऊ महिने दोघांमध्ये पत्रांची ये-जा चालू राहिली. त्या काळच्या सभ्य इंग्रज घरात लग्नाआधी मुलीला एकटीने तरुणाशी बोलत बसणं मुश्कील; घरातलं कोणी ना कोणी सोबतीला असायचंच. म्हणजे शांततेच्या दिवसांतही त्यांच्या मध्ये तिसरं माणूस होतंच. गंमत अशी की लढाईने दोघांना शेकडो मैल लांब नेलं, आणि तेव्हा कुठे त्यांना मनमोकळं बोलता आलं.

एप्रिलमध्ये रोलंड बेल्जियमच्या प्लुगस्टीर्ट जंगलात होता. तिथल्या आपल्या भुयारी खोपटाच्या छपरावर उगवलेली जांभळी व्हायोलेटची फुलं खुडून त्याने पाकिटातून व्हेराला पाठवली. त्याच एप्रिलमध्ये त्याने या फुलांवर एक कविता लिहिली. फुलं जिथे उगवली होती तिथे मरून पडलेल्या सैनिकाचा उल्लेख त्या कवितेत आहे. तळहातावर मावणाऱ्या त्या फुलांत केवढा ऐवज होता! त्यात ‘तुझी आठवण येते’ होतं, आणि ‘मी कुठे राहतो ते बघ’ हेही होतं. कोणत्याही सेन्सॉरला फुलावर पेन्सिल फिरवता आली नसती.

ऑगस्टमध्ये रजेवर आला असताना दोघांचं लग्न ठरलं. तोवर व्हेराने कॉलेज सोडून जखमींच्या शुश्रूषेचं काम धरलं होतं. नाताळला तो पुन्हा रजेवर येणार होता, म्हणून ती ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात आईवडिलांबरोबर वाट बघत राहिली. नाताळ आला आणि गेला. मग टेलिफोन वाजला. रोलंड २३ डिसेंबरलाच, लुव्हँकूरच्या लष्करी दवाखान्यात वारला होता. आदल्या रात्री चांदण्यात काटेरी तारेची पाहणी करताना त्याला गोळी लागली होती. वय वीस.

पुढे १९३३ मध्ये व्हेराने ‘टेस्टमेंट ऑफ यूथ’ हे आत्मकथन प्रसिद्ध केलं आणि त्या पिढीचं दुःख जगापुढे ठेवलं. तिच्याजवळची कागदपत्रं आज कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात आहेत. दोघं लिहिणारी, दोघं शिकलेली, मध्ये कोणी नाही, आणि मागे राहिलेली लेखिका झाली. पत्रं टिकायला इतक्या गोष्टी जुळाव्या लागतात. बाकीच्यांचं काय?

ओसरीवर वाचलेलं पत्र

व्हेरा ज्या डिसेंबरात ब्रायटनला वाट बघत होती, त्याच डिसेंबरात तिच्या हॉटेलापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर जखमी हिंदी शिपाई खाटांवर पडून होते. ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन हा जुना राजवाडा डिसेंबर १९१४ पासून जानेवारी १९१६ पर्यंत हिंदी सैनिकांचं इस्पितळ होता. ते खाटांवरून पत्रं लिहीत किंवा लिहवून घेत. ब्रायटनच्या इस्पितळातून पुण्याच्या मित्राला लिहिलेलं एक मराठी पत्रही हॉवेलच्या अहवालांत नोंदलेलं आहे.

१९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरात जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. बायकांत हे प्रमाण शंभरात एक. म्हणजे फ्रान्समधल्या शिपायाला लिहिता येत नाही आणि गावातल्या बायकोला वाचता येत नाही, हीच रीत. मग पत्र कसं जायचं? तंबूतला एखादा शिकलेला सोबती लिहून देणार. ते पलटणीत तपासलं जाणार. बुलोनला हॉवेलच्या हाती लागलं तर तो वाचणार. मग बोट, मग आगगाडी, मग गावचं टपाल. शेवटी मास्तर नाहीतर पोस्टमन घराच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचणार. सासू-सासरे, दीर-जावा, शेजारीपाजारी ऐकणार. आणि जिच्यासाठी पत्र, ती दाराआड उभी. लिहिणारा एक, ऐकणारी एक, आणि मधे पंधरा माणसं!

अशा पत्रात बायकोला काय लिहिणार? मराठी घरांत तर पत्र बायकोच्या नावाने पाठवायचंच नाही. पत्र तीर्थरूपांना. वर शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडील क्षेम, तिकडील कळवावे. बैल कसे आहेत, पाऊस झाला का, भाऊबंदकीचा खटला कुठवर आला. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. बायको यात कुठे असे? ‘घरच्या मंडळींना’ या शब्दात. जी बाई नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज घेत नाही आणि जो नवरा चारचौघांत तिला हाक मारत नाही, त्यांच्यात ‘मंडळी’ हा शब्दही पुरेसा होता. दाराआडून ऐकणारीला कळत असे की हे आपल्यासाठी आहे. मनिऑर्डरच्या फॉर्मखाली निरोपापुरती चार ओळींची जागा असायची. कोकण आणि साताऱ्याकडच्या कितीएक घरांत ती जागाच पत्राचं काम करी. पैसे वडिलांच्या हाती, निरोप सगळ्यांच्या कानी.

मराठी पलटणी मोठ्या संख्येने होत्या त्या फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर तैग्रिसच्या काठी लढल्या. कूत-अल-अमारा इथे तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये या डिव्हिजनला वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली, आणि पुढे कैदेत त्यांतले कित्येक मेले. वेढ्यात अडकलेल्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा धागा होता तो बिनतारी यंत्राचा, आणि तो लष्करी निरोपांसाठी. घरी पत्र जाण्याचा मार्ग नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. म्हणून गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलं. तिथल्या दाराआड त्या वर्षांत किती जणी उभ्या राहिल्या असतील, आणि ओसरीवर वाचण्याजोगं काही आलंच नसेल!

मधला वाचक आहे हे शिपायांना पुरेपूर ठाऊक होतं आणि त्यांनी त्याला चकवायच्या युक्त्याही काढल्या. काही जण मिरची-मिरीची भाषा वापरत. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. मिरी संपत आली आणि मिरची अजून शिल्लक आहे, असं गावी लिहिलं की घरच्यांनी समजायचं ते समजावं. बाजारभाव वाटावा असा मजकूर, आणि आत मेलेल्यांचा हिशेब. हॉवेलला हे कळत होतं. कळूनही बरीच पत्रं तो पुढे जाऊ देई, कारण वाफ कोंडली तर भांडं फुटतं हे त्याला समजत होतं. शिवाय शिपायांच्या मनात काय चाललंय हे जाणून घ्यायला दुसरी खिडकीही नव्हती.

फ्रेंच बायकांच्या बाबतीत मात्र सेन्सॉर कडक. गोऱ्या बाईशी ओळख झाली, तिच्या घरी उतरलो, असा मजकूर किंवा तिचा फोटो पत्रातून जाताना दिसला की साम्राज्याच्या अब्रूची काळजी सुरू. फ्रेंच कुटुंबांत शिपायांना मिळालेल्या मायेच्या, मैत्रीच्या आणि काही वेळा प्रेमाच्या खुणा या अहवालांत सापडतात त्या बहुधा अशा तक्रारीच्या वाटेने.

याच १९१५ मध्ये ‘सरस्वती’ मासिकात चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा छापून आली. अमृतसरच्या बाजारात लहानपणी भेटलेली मुलगी आणि फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकात मरणारा लहनासिंह यांची ती गोष्ट. ती मुलगी आता त्याच्याच सुभेदाराची बायको आहे, आणि नवऱ्याला व मुलाला सांभाळ एवढं तिने लहनासिंहाजवळ मागितलंय. तो ते पाळतो आणि स्वतः जखमी असल्याचं लपवतो. शेवटी सुभेदाराला तो सांगतो, की घरी पत्र लिहाल तेव्हा माझा नमस्कार लिहा, आणि गेल्यावर सांगा की तिने सांगितलं तसं मी केलं. जन्मभराच्या प्रेमाचा एकमेव निरोप, आणि तो तिच्याच नवऱ्याच्या हातून! हिंदी शिपायाच्या प्रेमपत्राची रचना गुलेरींना नेमकी ठाऊक होती. निरोप दुसऱ्याच्या पत्रात, एका ओळीत, आणि पोचवणाऱ्याला न कळेल असा.

ओठांचा ठसा

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा मधल्या वाचकांत यंत्राची भर पडली. लढाई आता उत्तर आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेली. भूमध्य समुद्रात जहाजं बुडत होती, पत्रांना महिने लागत होते आणि विमानात जागा कमी. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी एअरग्राफ सुरू केलं. ठरावीक कागदावर पत्र लिहायचं, त्याचा बारीक फिल्मवर फोटो काढायचा, फिल्म विमानाने धाडायची आणि पलीकडे ती मोठी करून, तळहाताएवढ्या कागदावर छापून वाटायची. १,६०० पत्रांचं वजन भरायचं २३ किलोच्या आसपास. फिल्मवर तेच सुमारे १४० ग्रॅम. अमेरिकनांनी १९४२ मध्ये याच धर्तीवर व्ही-मेल काढली.

वजनाचा प्रश्न सुटला. पण पत्रातून काय काय गळून पडलं? कागदाचा स्पर्श, अत्तराचा वास, पाकिटातलं फूल, केसांची बट. हाती येणार ते अक्षराचं चित्र. तरी बायका हटल्या नाहीत. मजकुराखाली लिपस्टिक लावलेले ओठ टेकवून त्या पत्र देत. यंत्रातून कागद सरकताना ती लाली चाकांना लागायची, पुढच्या पत्रांवर डाग पडायचे, यंत्र साफ करत बसावं लागायचं. व्ही-मेलच्या कामगारांनी या संकटाला ‘लाल साथ’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. साम्राज्यांच्या टपालयंत्रणेला एका चुंबनाने थांबवलं, तेही खरोखरचं, वंगणात मिसळून.

पाकिटाच्या मागच्या बाजूला आद्याक्षरं लिहायची टूमही या युद्धात जोरात होती. इंग्रजीतली ‘एस डब्ल्यू ए एल के’ ही पाच अक्षरं म्हणजे प्रेमाच्या चुंबनाने बंद केलेलं. इटली या नावाच्या अक्षरांतून ‘माझा तुझ्यावर विश्वास आणि प्रेम आहे’ असं वाक्य काढायचे, तर हॉलंडच्या अक्षरांतून ‘आपलं प्रेम टिको, कधी न मरो’. जागेचं नाव लिहू नका, असा सेन्सॉरचा पहिला हुकूम. प्रेमिकांनी जागांचीच नावं घेतली आणि त्यांचा अर्थ बदलून टाकला.

ख्रिस आणि बेसी

सप्टेंबर १९४३. लिबियात तोब्रुकजवळच्या वाळवंटात ख्रिस बार्कर नावाचा सिग्नल दलातला शिपाई कंटाळला होता. लढाई पुढे सरकली होती, मागे उरली होती माश्या, वाळू आणि वेळ. लंडनच्या टपालखात्यात तो कारकून होता. दिवस ढकलायचे म्हणून त्याने जुन्या ओळखीच्यांना पत्रं लिहायला घेतली. त्यांतलं एक कचेरीतली सहकारी बेसी मूर आणि तिचा मित्र, अशा दोघांना मिळून. सरळ, गप्पांचं, मित्रत्वाचं पत्र. उत्तर आलं ते एकट्या बेसीचं. तो मित्र आता तिच्या आयुष्यात नव्हता. आणि तिच्या उत्तरात इतका जिव्हाळा होता की ख्रिसच्या पुढच्या पत्राचा सूरच बदलला. काही महिन्यांत दोघं प्रेमात आकंठ बुडाली. एकमेकांना न भेटता, निव्वळ कागदावर!

दोघांचे धंदे बघा. तो दुसऱ्यांचे निरोप तारेवरून पोचवणारा. ती युद्धकाळात परराष्ट्र खात्यात मोर्सचे संदेश उलगडणारी. निरोप मधल्या मधे कसा वाचला जातो, हे या जोडप्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी ख्रिसने शेकडो पानं लिहिली. साधा शिपाई असल्यामुळे त्याचं पत्र त्याच्या वरिष्ठांच्या नजरेखालून जायचं. त्याने काय केलं? लाज गिळली आणि लिहीत राहिला. वाचोत वाचणारे. घर कसं असेल, मुलं हवीत का, भांडण झालं तर काय करायचं, अशा सगळ्या गोष्टी त्याने कागदावर आधीच बोलून घेतल्या. पुढे तो ग्रीसला गेला. डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्समध्ये ग्रीक डाव्या बंडखोरांनी त्याला कैद केलं, आणि काही आठवडे बेसीकडे पत्र नाही. सुटल्यावर त्याला घरी रजा मिळाली, आणि १९४५ च्या आरंभी दोघं भेटली. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी लग्न केलं.

ही पत्रं घरातच राहिली. पुढे त्यांच्या मुलामुळे ती ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात, त्याच ब्रायटनजवळ, पोचली. सायमन गारफील्ड या लेखकाने ती आधी आपल्या पत्रांवरच्या पुस्तकात आणि मग २०१५ मध्ये ‘माय डियर बेसी’ या स्वतंत्र पुस्तकात छापली. ते पुस्तक वाचताना एक विचित्र गोष्ट जाणवते. बोलतोय जवळजवळ एकटा ख्रिस. बेसीची पत्रं मोजकीच आहेत.

कारण ख्रिसने ती जाळली. शिपायाच्या पिशवीत जागा किती, हा एक भाग. खरं कारण दुसरं: तिचं मन दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडू नये. तंबूत दहा माणसं, सामान कधीही उलटंपालटं होणार, आपण मेलो तर आपली पिशवी कोणीतरी उघडणार. म्हणून तो ती वाचायचा, पाठ होईस्तोवर वाचायचा, मुद्द्यांना उत्तर लिहायचा आणि मग काडी लावायचा. प्रेमाने केलेलं हे कृत्य. पण त्याने केवढं नेलं! बेसी आज आपल्याला भेटते ती ख्रिसच्या उत्तरांतून, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तशी.

जळालेली आणि उरलेली

फ्रान्सच्या खंदकातल्या हिंदी शिपायांची मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली. ओसरीवर वाचली गेली, मग फळीवर, मग चुलीत नाहीतर वाळवीच्या तोंडी. त्यांच्या बायकांनी पाठवलेले निरोप तर खंदकाच्या चिखलातच राहिले. तरी त्या माणसांचा आवाज आपल्याला ऐकू येतो, तो हॉवेलच्या कचेरीमुळे. सेन्सॉरने उतरवून घेतलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लिहिणारा कोण, कोणाला, कोणत्या भाषेत, कोणत्या तारखेला अशा नोंदींसकट. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतली साडेसहाशेहून जास्त पत्रं निवडून १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आणली. त्यांत घरच्या ओढीने कासावीस झालेले नवरे आहेत, आणि बायकांच्या नावाने आलेली काही थोडी पत्रंही. सगळं इंग्रजीत, तुकड्या-तुकड्यांत. ‘घरच्या मंडळींना’ या शब्दाआड काय होतं, ते परक्या माणसाच्या परक्या भाषेतून चाचपत शोधावं लागतं.

म्हणजे हिशेब असा उलटा. ज्याची नजर नको म्हणून ख्रिसने बेसीची पत्रं जाळली, त्याच मधल्या वाचकाच्या हातून या अनाम बायकांच्या नवऱ्यांचे शब्द वाचले. पाळत ठेवणाऱ्याने जे जपलं, ते प्रेम करणाऱ्याने जाळलं.

हॉवेलचं एक निरीक्षण मला विसरता येत नाही. १९१५ च्या सुरुवातीला शिपायांच्या पत्रांत कविता वाढू लागल्या. साध्या खुशालीच्या मजकुरात मध्येच ओळी यायच्या, विरहाच्या, मरणाच्या. हॉवेलला हे लक्षण चांगलं वाटलं नाही. माणूस कविता करू लागला म्हणजे त्याचं मन ठिकाणावर नाही, असं त्याने वर कळवलं. लष्करी माणसाचा हा हिशेब चूक नव्हता. पण वर कळवायचं म्हणजे पुरावा हवा. म्हणून त्याने त्या ओळी निवडल्या, इंग्रजीत उतरवून घेतल्या आणि अहवालाला जोडल्या. धोक्याची सूचना म्हणून फाइलीत लागलेल्या त्या ओळी अजून तिथेच आहेत.